मावशीचे सांधे, पावणेतीन लाखांचं पॅकेज आणि स्टेम सेल नेमकं करतात तरी काय

आधीच सांगतो, ही आमच्या घरातली गोष्ट आहे. परवानगी घेऊन लिहितोय. नावं, गाव, थोडेफार तपशील बदललेत. क्लिनिकचं नाव लिहिणार नाही, कमेंटमधे विचारू नका. मी डॉक्टर नाही. पुण्यात एका लॅबमधे फ्लो सायटोमेट्रीच्या मशीनवर बसतो, म्हणजे दिवसभर रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी मोजायचं काम. एवढ्या भांडवलावर घरात मी "त्यातला माणूस" आहे.

पार्श्वभूमी

मावशी 54 वर्षांची, पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, घरी पापड-मसाल्याचा छोटा धंदा, हाताखाली तीन बायका. सहा वर्षांपूर्वी बोटांचे सांधे सुजायला लागले, सकाळी उठल्यावर दोन-दोन तास मूठ वळायची नाही. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आला, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात आणि मग गुडघ्याच्या झिजेलाही संधिवात आणि यालाही संधिवात म्हणून सगळा घोळ करून ठेवतात. हा घोळ पुढे फार महागात पडणार होता म्हणून इथेच सांगून ठेवतो. झीज वेगळी. यात शरीराची स्वतःचीच फौज सांध्याच्या अस्तरावर चाल करून जाते.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजाराचं नेहमीचं औषध, सुरू झालं, आठवड्यातून एकदा. बरं चाललेलं. पण गोळी घेतली की पुढचा अख्खा दिवस मळमळ, आणि तो दिवस नेमका ऑर्डरचा, त्यामुळे मावशीने कुणाला न विचारता गोळी बंद केली आणि कुणीतरी सांगितलेल्या वैद्याची पुडी चालू केली. पुडीने आठ दिवसांत चमत्कार, सूज गायब, भूक वाढली, चेहरा गोल गरगरीत. आम्ही सगळे म्हणालो तब्येत सुधारली! आठ महिन्यांनी पुडी देणारा गाव सोडून गेला, पुडी एकदम बंद झाली आणि पंधरा दिवसांत मावशी अंथरुणाला खिळली. नंतर डॉक्टरांनी चेहऱ्याकडे बघूनच विचारलं की पुडी घेत होता का, बहुतेक स्टेरॉइड असणार त्यात. पुडी तपासून घ्यायला शिल्लकच नव्हती.

अडचण

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे नेलं तेव्हा अंगातली आग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या चढलेल्या, सीआरपी 41, ईएसआर 78, दोन्ही मनगटं, बोटं, उजवा गुडघा सुजलेला. डॉक्टर म्हणाले मेथोट्रेक्सेट परत नीट सुरू करू, पण सहा वर्षांचा आजार आहे आणि बोटं वाकायला लागलीत, तेव्हा बायॉलॉजिक (रोगप्रतिकारक पेशींचा एखादा ठराविक निरोप अडवणारं इंजेक्शन) लागेल असं दिसतंय. त्याआधी टीबीची तपासणी. मँटू पॉझिटिव्ह आली. छातीचा एक्सरे स्वच्छ होता, खोकला-ताप काही नाही, म्हणजे टीबी झालेला नाही पण जंतू आत कुठेतरी झोपलेला. काकांना बारा वर्षांपूर्वी टीबी झालेला, त्यामुळे आश्चर्य नव्हतंच. आधी त्या जंतूवरचं औषध, आयसोनियाझिड, सुरू करा, किमान एक महिना जाऊ दे, मग बायॉलॉजिक, असं ठरलं.

हा जो मधला महिना होता ना, त्यातच क्लिनिक आलं.

माझा मावसभाऊ मोबाइलवर "आमवात कायमचा बरा" असं काहीतरी शोधत होता, लगेच फोन आला. मोठ्या शहरातलं चकाचक क्लिनिक. नाळेतल्या स्टेम सेल, सलाईनमधून दोन वेळा, आणि दोन्ही गुडघ्यांत एकेक इंजेक्शन. पॅकेज पावणेतीन लाख. "कूर्चा नवीन तयार होते, इम्युनिटी रीसेट होते, साइड इफेक्ट शून्य." आणि एक अट: पेशी द्यायच्या पंधरा दिवस आधीपासून सगळी ॲलोपॅथीची औषधं बंद. भावाने चाळीस हजार ॲडव्हान्स ऑनलाइन पाठवला आणि मग मला माहितीपत्रकाचा फोटो व्हॉट्सॲप केला, खाली लिहिलेलं, "बघ जरा, ठीक आहे ना?"

पैसे भरून झाल्यावर विचारलं, हे लक्षात घ्या. मलाही राग आला होता. पण मी तरी त्या सहा वर्षांत किती वेळा स्वतःहून फोन केला?

माहितीपत्रकात काय होतं आणि पेशी खरं काय करतात

माहितीपत्रकात चित्र होतं, सलाईनमधून पेशी जातात, रक्तातून पोहत गुडघ्यात पोचतात, तिथे रुजतात आणि कूर्चा होतात. शेतात बी पेरल्यासारखं. हे चित्र जवळजवळ सगळंच चूक आहे, पण गंमत म्हणजे खरी गोष्ट याच्यापेक्षा जास्त भारी आहे.

या ज्या पेशी विकतात त्यांना मेसेंकायमल स्ट्रोमल सेल म्हणतात, आपण एमएससी म्हणू. अस्थिमज्जा, चरबी, नाळ यातून काढतात आणि डिशमधे वाढवतात. 1991 मधे ज्या अर्नॉल्ड कॅप्लानने "मेसेंकायमल स्टेम सेल" हे नाव रूढ केलं, त्यानेच 2017 मधे लिहिलं की हे नाव बदला, कारण शरीरात त्या नवीन अवयव बनवत बसत नाहीत, त्या औषधासारखे निरोप पाठवतात. नाव देणाऱ्यानेच नाव मागे घ्या म्हणायचं, आणि क्लिनिकचं माहितीपत्रक अजून जुन्याच नावावर चालू.

शिरेतून सोडलेल्या बहुतेक एमएससी पहिल्यांदा फुप्फुसातच अडकतात. आकाराने मोठ्या असतात, तिथल्या बारीक केशवाहिन्यांतून पार होत नाहीत. काही दिवसांत त्यातल्या बहुतेक मरतातही. मग परिणाम होतो तो कसा?

मी मावशीला असं सांगितलं. आपल्या गावात तंटामुक्त समिती होती, आठवतंय? 2007 मधे मोहीम सुरू झाली तेव्हाची. समितीचा अध्यक्ष गावात भांडण नसेल तेव्हा पारावर पान खात बसलेला असायचा. भांडणाचा आवाज आला की उठायचा. एमएससीचं तसंच आहे. सांध्यात टी पेशी (फौजेतले शिपाई) चिडलेल्या असतात, त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, मॅक्रोफेज (जंतू-कचरा गिळणाऱ्या पेशी) टीएनएफ सोडतात, दोन्ही आग भडकवणारे निरोप. हा आरडाओरडा एमएससीच्या कानावर पडला तरच ती जागी होते. जागी झाली की माणसातली एमएससी आयडीओ नावाचं एंझाइम बनवते आणि ते आजूबाजूचं ट्रिप्टोफॅन (एक अमिनो ॲसिड) खाऊन टाकतं. टी पेशीला वाढायला ट्रिप्टोफॅन लागतं, म्हणजे भांडणाऱ्यांची रसदच तोडली. (उंदरातली एमएससी हेच काम नायट्रिक ऑक्साइडने करते, त्यामुळे उंदरावरचे निकाल जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत, हे माहितीपत्रकवाले कधी सांगणार नाहीत.) दुसरं, ती प्रोस्टाग्लँडिन ई2 सोडते, त्याने मॅक्रोफेजचा स्वभाव बदलतो आणि जाळपोळ करणारा मॅक्रोफेज शांत करणारं आयएल-10 सोडायला लागतो. 2009 मधे सेप्सिस (अंगभर पसरलेला संसर्ग) झालेल्या उंदरांत हे छान दाखवलं गेलं. तिसरं, टी-रेग म्हणजे बाकीच्या टी पेशींना आवर घालणाऱ्या पेशी, त्यांना बळ मिळतं.

आणि सगळ्यात विचित्र शोध 2017 चा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटतात, त्याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट आजार म्हणतात, त्या रुग्णांना एमएससी दिल्या होत्या. फायदा कुणाला झाला? ज्यांच्या रक्तातल्या मारक पेशी या एमएससींना मारू शकत होत्या त्यांना! म्हणजे पेशी मरते, तिचे अवशेष मॅक्रोफेज गिळतात आणि गिळल्यावर ते शांत होतात.

मावशी ऐकून म्हणाली, "म्हणजे जिवंतपणी नाही, मेल्यावर कामाला येतात होय? आणि हा म्हणतोय गुडघ्यात रुजतात."

बरोब्बर.

यातून एक गोष्ट निघते जी मला त्या रात्री माहितीपत्रक वाचताना नीट कळली, आधी लॅबमधे दहा वेळा वाचूनही कळली नव्हती. या पेशींचा गुण पेशींत एकट्यात नसतो. कुणाला दिल्या, शरीरात त्या वेळी आग किती आहे, कोणत्या पेशी चिडल्यात, सोबत कोणती औषधं चालू आहेत, यावर सगळं ठरतं. म्हणून स्वीडनमधे 2004 मधे एका नऊ वर्षांच्या मुलाला, ज्याचं आतडं आणि यकृत ग्राफ्ट व्हर्सेस होस्टमुळे जवळजवळ हातचं गेलं होतं, आईच्या एमएससीने वाचवल्याची नोंद झाली, आणि डिसेंबर 2024 मधे अमेरिकेत लहान मुलांच्या, स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या त्याच आजारासाठी एमएससीचं औषध मंजूर झालं. आणि त्याच जातीचं दुसरं औषध, क्रोहन या आतड्याच्या आजारातल्या भगंदरासाठी युरोपात 2018 मधे मंजूर झालेलं, पुढच्या मोठ्या चाचणीत नापास झालं आणि बाजारातून काढून घेतलं गेलं. पेशीचा प्रकार तोच आणि निकाल दोन टोकांचे. मग "सगळ्या आजारांवर एकच पॅकेज" हे कसं चालेल?

पर्याय

पहिला, क्लिनिक. आमवातात एमएससीवर काहीच अभ्यास नाही असं नाही. 2017 मधे स्पेनमधल्या एका चाचणीचे निकाल आले, 53 रुग्ण, चरबीतल्या एमएससी, शिरेतून तीन वेळा. पहिल्या महिन्यात काहींना फरक, तिसऱ्या महिन्यापर्यंत बराचसा ओसरलेला. एका रुग्णाला मेंदूत छोटा स्ट्रोक. काहींच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या, म्हणजे "मॅचिंग लागत नाही, शरीर ओळखतच नाही" हेही पूर्ण खरं नाही. आणि ती चाचणी होती, पेशी मोजून-मापून, किलोला किती ते ठरवून दिलेल्या. आमच्या माहितीपत्रकात पेशींची संख्याच नव्हती, "करोडो" लिहिलेलं.

दुसरा, मेथोट्रेक्सेट अधिक टीएनएफ अडवणारं बायॉलॉजिक. तिसरा, मेथोट्रेक्सेट अधिक टोफासिटिनिब गोळी, सुई नको म्हणून मावशीची पसंती हिला. चौथा, बायॉलॉजिकची घाई न करता आधी मेथोट्रेक्सेटच नीट घेऊन बघणं, गोळीऐवजी त्वचेखाली इंजेक्शन, म्हणजे मळमळ कमी. पाचवा, खरीखुरी चाचणी शोधायची, सीटीआरआयवर (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदवलेली, फुकट. आम्ही शोधली, मावशीला लागू पडेल अशी सापडली नाही.

इथे भावाने एक मुद्दा काढला आणि तो बिनतोड वाटत होता. "भारत सरकारनेच गुडघ्यासाठी स्टेम सेलला परवानगी दिलीय, मी बातमी वाचलीय." बातमी खरी होती. 2022 मधे औषध नियंत्रकांनी अस्थिमज्जेच्या एमएससीचं एक भारतीय उत्पादन गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी मंजूर केलंय, एका गुडघ्यात अडीच कोटी पेशी, तिसऱ्या टप्प्यात 146 रुग्णांवर प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली इंजेक्शनशी) तुलना करून. पण ते झिजेच्या आजारासाठी, ते ठराविक उत्पादन, गुडघ्यात. नाळेतल्या कुठल्यातरी पेशी आमवातासाठी शिरेतून द्यायला ती परवानगी नाही. वर म्हटलं तो संधिवात शब्दाचा घोळ, इथे येऊन बसला बघा. क्लिनिकही हीच बातमी दाखवत होतं.

टीबीचा मुद्दा

यावर मला थांबायचंय कारण निर्णय खरं तर इथे फिरला.

टीबीचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहतो तो ग्रॅन्युलोमामधे, पेशींच्या कोंडाळ्यात. ते कोंडाळं घट्ट ठेवायला टीएनएफ लागतो. म्हणून टीएनएफ अडवणारं औषध देण्याआधी मँटू. आता एमएससी. 2010 मधे दिल्लीतल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की टीबीचा जंतू एमएससींना स्वतःभोवती बोलावून घेतो, कारण त्या आजूबाजूच्या टी पेशींना गप्प करतात. आणि 2013 मधे अजून पुढे, टीबीचे उपचार पूर्ण केलेल्या अरुणाचल प्रदेशातल्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत, एमएससीसारख्या पेशींच्या आतच जंतू लपलेला सापडला. जो शांत करायचा गुण पावणेतीन लाखाला विकत होते, तोच गुण जंतू आपल्या बचावाला वापरतो.

यावरून सलाईनने मावशीला टीबी झालाच असता असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण क्लिनिकने मँटूचं विचारलंच नव्हतं. उलट "सगळी औषधं बंद" या अटीत आयसोनियाझिडही बंद होणार होतं.

काय केलं

मी भावाला प्रश्न लिहून दिले आणि म्हटलं तू फोन कर, मी शेजारी बसतो. सीटीआरआय नंबर काय, एथिक्स कमिटी कोणती, किलोला किती पेशी, वितळवल्यावर किती टक्के जिवंत, सीडी73, सीडी90, सीडी105 चा रिपोर्ट आहे का, सीडी45 आणि एचएलए-डीआर किती टक्के. (शेवटचे माझ्या धंद्यातले, पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा. 2006 पासून जगभर एमएससी ओळखायची किमान कसोटी आहे ही, पहिले तीन 95 टक्क्यांच्या वर, उरलेले 2 च्या आत.) मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंची भेसळ, तपासलंय का.

पेशींच्या प्रश्नांवर क्लिनिकच्या फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, रिपोर्ट आमचे सायंटिस्ट बघतात." सीटीआरआयवर उत्तर आलं, "सर, ही रिसर्च नाहीये, ही ट्रीटमेंट आहे." त्यांना वाटलं याने आमची भीती जाईल. पण आयसीएमआर आणि बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच तर लिहिलंय, रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेल मंजूर चाचणीतच द्यायच्या आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे रिसर्च असेल तर पैसे का, आणि ट्रीटमेंट असेल तर मंजुरी कुठाय.

भाऊ गप्प झाला. तरी मावशीचं मन वळलं ते यातल्या कशानेही नाही. तिने एकच विचारलं, "गोळ्या पंधरा दिवस बंद म्हणजे परत पुडी बंद झाल्यावर झालं तसंच होणार का?" मी म्हटलं बहुतेक हो, कारण आग विझवणारं काहीच चालू नसणार. ती म्हणाली मग नको. संपलं. मी दोन तास आयडीओ आणि ट्रिप्टोफॅन समजावत होतो!

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे परत गेलो, ॲडव्हान्सचंही सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, हे बरं झालं, नाहीतर भाऊ परत आलाच नसता. टोफासिटिनिबवर ते म्हणाले वय पन्नासच्या वर, बीपी आहे, मशेरी लावता, आणि अशाच रुग्णांत टीएनएफवाल्या औषधांच्या तुलनेत हृदयविकार आणि कॅन्सर जास्त दिसले म्हणून अमेरिकेत 2021 मधे कडक इशारा दिला गेलाय, तेव्हा ती आत्ता नको. टीएनएफ अडवणाऱ्यांत ॲडॅलिमुमॅबपेक्षा एटानर्सेप्टमधे टीबीचा धोका कमी, म्हणून ते निवडलं, भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाची मान्यताप्राप्त नक्कल. मेथोट्रेक्सेट त्वचेखाली, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, थोडे दिवस कमी डोसचं प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच, पण डॉक्टरांच्या देखरेखीत), आयसोनियाझिड सहा महिने पायरिडॉक्सिन या जीवनसत्त्वासोबत. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्ही यकृतावर ताण टाकतात म्हणून दर महिन्याला एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी. एकदा एन्झाइम वाढले, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवलं, मग कमी डोसने परत.

निकाल

पाच महिन्यांनी सीआरपी 9. सकाळची आखड दोन तासांवरून वीस-पंचवीस मिनिटांवर. पापड लाटणं अजून बायकांकडेच, पण मसाल्याचं कांडप ती स्वतः बघते. वाकलेली दोन बोटं सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत. उजव्या गुडघ्यात एक्सरेवर थोडी झीजही दिसली, म्हणजे तिथे दोन्ही आजार एकत्र. ते मंजूर इंजेक्शन तिला चालेल का, हे डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले आधी आमवाताची आग पूर्ण खाली येऊ दे, कारण ज्या सांध्यात आमवात पेटलेला आहे तो गुडघा म्हणजे चाचणीतला गुडघा नव्हे.

बायॉलॉजिक स्वस्त नाही. क्लिनिकसाठी मोडलेली एफडी आता तिकडे जातेय, आणि डॉक्टर म्हणतात आजार स्थिर राहिला तर अंतर वाढवून बघू.

वेगळं काय करता आलं असतं

मळमळीबद्दल पहिल्याच वर्षी कुणी नीट विचारलं असतं तर इंजेक्शन तेव्हाच सुरू झालं असतं आणि पुडी आलीच नसती, असं मला राहून राहून वाटतं. सहा वर्षांत मावशीने स्वतःहून ती डॉक्टरांना एकदाही सांगितली नव्हती, "त्यांना कशाला त्रास" म्हणून.

तो थांबायचा महिना मोकळा सोडायला नको होता. आयसोनियाझिडच्या महिन्यात मावशी वेदनेने रडत होती, प्रेडनिसोलोन तेव्हाच सुरू करता आलं असतं का हे आम्ही विचारायला हवं होतं. वेदनेत माणूस माहितीपत्रक शांतपणे वाचू शकत नाही.

आणि मी. पहिल्या फोनवर मी भावाला "मूर्ख आहेस का" म्हणालो, त्यानंतर दोन दिवस त्याने माझे फोन उचलले नाहीत आणि त्या दोन दिवसांत क्लिनिकने अजून पन्नास हजार मागितले होते. नशिबाने भरले नाहीत. आधी मावशीला काय हवंय ते विचारायला हवं होतं, पेशी नंतर.

ॲडव्हान्सचे चाळीस हजार अजून आलेले नाहीत. पावतीवर "कन्सल्टेशन चार्जेस" लिहिलंय. ग्राहक मंचात जायचं का यावर भाऊ अजून विचार करतोय, पण मावशी करत नाही. दर सोमवारी एटानर्सेप्टचं इंजेक्शन घेते, बर्फ लावते आणि त्या मॅडमना फोन लावते. गेल्या सोमवारी नंबर बिझी होता, तर तिने काकांच्या फोनवरून लावला.